लिलावात दोनदा विकला गेलेला हातोडा

मी एक जुना लाकडी हातोडा आहे, आणि माझा स्वभाव चांगला नाही. तुम्हांला 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो. एरवी तुमची-माझी मैत्री कुठली? फाटक्या छत्र्या, फुटके माठ आणि म्हातारे बैल तुम्हांला आपली कहाणी रडवेल्या सुरात सांगत असतील. मला रडता येत नाही. मला फक्त ठोकता येतं, आणि ज्यांना ठोकायला हवं होतं त्यांतले बरेचसे माझ्या तावडीतून सुटले. तो राग अजून माझ्या दांड्यात आहे.

माझा जन्म धानोऱ्याच्या वाटेवरच्या एका सरकारी लाकूड डेपोत झाला. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांद्याचाच, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा. जंगलातून आलेले सागाचे ओंडके या डेपोत थप्प्या लावून ठेवत आणि त्यांचा लिलाव होई. डेपोतल्या मुखरू सुताराला साहेबांनी लिलावासाठी हातोडा करायला सांगितलं. सभोवती सागाचे डोंगर पडलेले, पण मुखरूने सागाला हात लावला नाही. मोडक्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, जुवाचा तिवसाचा तुकडा घेऊन त्याने माझं डोकं घडवलं आणि त्यात धावड्याचा दांडा बसवला. साहेबांनी विचारलं, "सागाचा का नाही केलास?" मुखरू म्हणाला, "सागानंच साग विकावं काय, साहेब? बरं नाई दिसत ते." साहेब हसले आणि मला घेऊन गेले.

माझं काम समजायला सोपं होतं. साहेब थप्पीचा नंबर पुकारत. लोक बोली लावत. शेवटच्या बोलीवर साहेब म्हणत, "एकवार, दोनवार, तीनवार," आणि मला टेबलावर आपटत. मी पडलो की माल त्याचा झाला. मी हवेत आहे तोवर बोललेल्या माणसाला आपली बोली मागे घेता येई. मी पडल्यावर मात्र ब्रह्मदेव आला तरी शब्द फिरत नसे. एवढा मान गावच्या पाटलालाही नव्हता, आणि मी तो मिरवला, खोटं कशाला बोलू?

पहिली काही वर्षं चांगली गेली. चामोर्शीचे सुतार यायचे, चांद्याचे फर्निचरवाले यायचे, कोणी नुसता घराच्या आढ्यासाठी एक ओंडका शोधत यायचा. एकमेकांवर आवाज चढवत सगळे बोली लावायचे. मग लच्छूसेठ ठेकेदार आला आणि डेपो मुका झाला.

हा सेठ कधी ओरडला नाही, की कोणाला शिवी दिली नाही. तो एका ओंडक्यावर बसायचा आणि तपकिरीची चांदीची डबी मांडीवर ठेवायचा. डबी बंद असेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही, असा त्याचा बाकीच्या ठेकेदारांशी ठराव होता. याला ते रिंग म्हणत. साहेब पुकारून पुकारून थकत. माल पडून राही, पुढच्या लिलावात सरकारी किंमत उतरे. ती पुरेशी उतरली की सेठ डबी उघडून चिमूटभर तपकीर ओढे, त्याचा माणूस एकच बोली लावे, आणि मला नाइलाजाने पडावं लागे. नंतर चहाच्या टपरीमागे बसून ते सगळे आपापसांत वाटे पाडत. एखादा लहान माणूस डबी बंद असताना बोललाच, तर पुढच्या हंगामात त्याला बंडी मिळत नसे, हमाल मिळत नसत. मग तोही इतरांसारखा डबीकडे बघत बसायला शिके. त्या गप्प बसलेल्या माणसांची मला जेवढी चीड आली तेवढी सेठचीही आली नाही.

त्यांत चांद्याचा गफ्फार होता, फर्निचरच्या दुकानाचा मालक. त्याने एकदाच तोंड उघडलं होतं. त्यानंतर त्याला सागाची एक फळीसुद्धा लच्छूसेठच्या हातूनच, सेठ म्हणेल त्या भावाने घ्यावी लागली. कारागीर असा की त्याच्या हातची खुर्ची कुरकुरायची नाही, पण डेपोत आला की मान खाली.

पुढे डेपोत पितळी कड्याचा नवा हातोडा मागवला गेला आणि माझी रवानगी भंगारात झाली. मोडक्या खुर्च्या, गंजलेले कंदील, फुटका फळा आणि मी, असा एक लॉट लिलावाला निघाला. नवा हातोडा अजून नागपूरहून यायचा होता. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, भंगाराच्या ढिगात हात घातला आणि मलाच उचललं. आपल्याच लग्नात आपणच अंतरपाट धरावा तशी माझी गत झाली. भंगारावर सेठची डबी नव्हती, म्हणून त्या दिवशी गफ्फार मोकळ्या आवाजात बोलला, आणि मी माझ्याच विक्रीवर पडलो.

गफ्फारच्या दुकानात मी खाटांच्या सांध्यांतल्या चुळा ठोकू लागलो. तिथेच मला सीता रामटेके भेटली.

सीता चामोर्शीच्या देवराव रामटेक्यांची मुलगी. घरी धानाची शेती. वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ती पाळण्यात होती. नागपुरात कायदा शिकून ती चंद्रपूरच्या कोर्टात वकिली करत होती, आणि त्या वर्षी एका कॉलेजात संध्याकाळचा व्यवस्थापनाचा वर्ग निघाला तेव्हा तिथे व्यापारी कायदा शिकवायला तिला एका वर्षासाठी घेतलं होतं. पुस्तकांचं मोडकं कपाट दुरुस्तीला घेऊन ती दुकानात आली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"गफ्फारभाऊ, हा खिळे ठोकायचा हातोडा नाही."

"नाई बाई. लिलावाचा हाये. डेपोच्या भंगारात आला."

"मला देता? वर्गात दाखवायला पाहिजे. लिलावातली विक्री शिकवायची आहे."

"घेऊन जा. त्याले काय सोनं लागलं हाये?"

"फुकट नाही घेणार. मोबदला नसला तर माझी कलमंच मला हसतील," असं म्हणून तिने एक रुपया त्याच्या हातावर बळेच ठेवला. मला खरं सांगायचं तर ती बाई आवडली नाही. तिने मला मऊ फडक्यात गुंडाळलं. मी काय अंडं आहे?

आता वर्गाचं सांगतो. बाकांवर बसलेली ही मंडळी म्हणजे काही लहान पोरं नव्हती. कोणी बँकेत कारकून, कोणी गिरणीत सुपरवायझर, कोणी बापाच्या पेढीवर बसणारा. मागच्या बाकावर गफ्फारचा मुलगा हाफिज बसे. दुकानाचा सगळा व्यवहार तोच बघायचा. त्याच्यापुढे जरीना बसे, घराण्यात कोणी बाई शिकली नव्हती म्हणून हट्टाने आलेली. आणि मधल्या बाकावर, दोन माणसांची जागा अडवून, गुलाब बसे. गुलाब हा लच्छूसेठचा मुलगा.

पहिल्याच तासाला त्याने मला ओळखलं. तास संपल्यावर तो टेबलापाशी आला.

"मॅडम, हा आमच्या डेपोतला हाये. बाबूजीनं सारा माल याच्यावरच उचलला. द्या मले. दिवाणखान्यात काचेत लावतो."

"डेपो तुमचा कधी झाला?" सीताने विचारलं. "आणि हातोडा विकायचा नाही."

गुलाब हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. मला काचेत लावणार म्हणे. वाघ मारून भिंतीवर टांगतात तसा, बापाचा पराक्रम म्हणून. त्या क्षणी सीताने मला घट्ट धरलं, आणि मऊ फडक्याचा गुन्हा मी माफ केला.

पुढे पहिल्या चाचणीत गुलाब नापास झाला. त्याने लिहिलेलं सगळं चूक होतं, तिने त्याप्रमाणे मार्क दिले. गुलाबचा मेहुणाही वकील होता आणि सीताच्या जागेवर त्याचा आधीपासून डोळा होता. झालं, घरात बसून बेत शिजला. वर्ष सरता सरता जागा कायमची भरणार होती. त्याआधी विद्यापीठाची समिती येऊन तास बघणार होती. वर्ग जर मेल्यासारखा बसला, तर बाईला शिकवता येत नाही असा शेरा पडेल, जागा रिकामी होईल, आणि मेहुणा आत येईल. मेहुणा आला की सगळे पास, असं गुलाबने वर्गाला सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने फटफटीची किल्ली बाकावर ठेवली. किल्ली बाकावर असेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मित्रांनो, मला ओळखायला एक क्षणही लागला नाही. ती तपकिरीची डबीच होती. बापाने ओंडक्यावर बसून जे केलं, तेच मुलगा बाकावर बसून करत होता. ज्याला एक कलम धड पाठ होत नव्हतं, त्याला हा धडा मात्र घोकल्याशिवाय येत होता.

सीताने प्रश्न विचारला, वर्ग गप्प. नावाने उभं केलं, माणूस उभा राहून गप्प. तिने उदाहरणं बदलली, सोपं केलं, तेंदूपत्त्यावरून सांगितलं, बैलाच्या बाजारावरून सांगितलं. सगळे नुसते किल्लीकडे बघत. एके दिवशी तिच्या खुर्चीवर कोणी खडूने लिहून ठेवलं होतं, 'राखीव'. तिने ते वाचलं. मला वाटलं, आता ही रडेल किंवा प्राचार्यांकडे जाईल. तिने स्वतःच्या हाताने खुर्ची पुसली आणि वर्गाकडे वळली.

"बरं झालं आठवण केली. लिलावात राखीव किंमत असते. तिच्या खाली वस्तू जात नाही, समोरचे कितीही गप्प बसले तरी. लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं. वही उघडायला किल्लीची मनाई नव्हती. मला त्या माणसांच्या पाठीत एकेक ठोका घालावासा वाटला, पण मला उचलायला हात लागतो.

त्या संध्याकाळी वर्ग रिकामा झाल्यावर ती खुर्चीवर बसून हजेरीपट भरत होती. फळ्यावर तिनेच लिहिलेलं होतं, 'मौन म्हणजे स्वीकार नव्हे.' हाफिज दारातून परत आला. त्याने बाहेर कोणी नाही ना ते पाहिलं.

"मॅडम, आमचा तुमच्यावर राग नाई."

"मग?"

"अब्बाच्या दुकानाले लाकूड लच्छूसेठच्या हातून येते. मी बोललो का ते बंद. दुकानात चार कारागीर हायेत, त्यायचं घर त्याच्यावर हाये. मले माफ करा."

"मी तुला बोल म्हणणार नाही हाफिज," ती म्हणाली. "पण एक सांग, शिकवलेलं समजतं का?"

"सगळं समजते. सगळ्यायलेच समजते. गुलाबलेबी समजून राह्यलं आता. बाहेर चहाच्या टपरीवर तोच कलमं सांगत असते."

ती पहिल्यांदाच थोडी हसली आणि मला फडक्यात गुंडाळू लागली. मला हाफिजचा संताप आला होता. बापासारखाच मुलगा, असं मी म्हणत होतो. चार कारागिरांचं ओझं मला दिसत नव्हतं, कारण मला पोट नाही.

समिती यायच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण वारं कुठलं ते बघून छत्री धरणारा होता. "रामटेके मॅडम, तुमचा वर्ग बोलतच नाही म्हणतात," ते टेबलावरची कात्री सरळ करत म्हणाले. "समितीपुढे असं झालं, तर माझे हात बांधलेले आहेत. आधीच सांगितलेलं बरं." ती "हो सर" म्हणाली. चामोर्शीला वडिलांनी गावभर सांगितलं होतं की मुलगी कॉलेजात शिकवते. त्या जागेशिवाय तिला दुसरं काय होतं? कोर्टात मोठ्या वकिलांच्या मागे फायली धरून उभं राहायचं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी समितीचे दोघे गृहस्थ आले आणि प्राचार्यांसोबत मागच्या भिंतीला लागून बसले. एक म्हातारे, जाड चष्म्याचे. दुसऱ्यांना नागपूरची गाडी गाठायची होती, ते घड्याळाकडे बघत होते. गुलाबने किल्ली बाकावर ठेवली. तिचा खट्ट असा आवाज सगळ्यांनी ऐकला.

सीताने फडकं सोडून मला टेबलावर मांडलं.

"आज लिलावाने विक्री," ती म्हणाली. "उदाहरण पुस्तकातलं घेणार नाही. हा हातोडा मी मोबदला देऊन घेतला आहे. मालकी माझी, म्हणून विकायचा हक्क माझा. लिलाव खरा आहे. ज्याच्या बोलीवर हातोडा पडेल तो हा घरी घेऊन जाईल."

माझं डोकं सुन्न झालं. हीही शेवटी विकणारीच निघाली, आणि पुन्हा मलाच मारून मला विकणार. गुलाब ताठ बसला. त्याच्या डोळ्यांत दिवाणखान्यातली काच मला स्पष्ट दिसली. पण तो बोलला नाही. तो त्याच्या बापाचा मुलगा होता. आज गप्प बसलं, तर माल पडून राहील, बाई जाईल, आणि उद्या हा हातोडा मातीच्या भावाने मिळेल.

"सुरुवात एक रुपयापासून. बोली लावा."

वर्ग गप्प. खिडकीबाहेर कोणाची तरी सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज आला. सीता थांबली. तिने परत विचारलं. घड्याळवाले गृहस्थ प्राचार्यांच्या कानाशी काही पुटपुटले आणि प्राचार्यांनी मान हलवली. डेपोतल्या त्या सगळ्या दुपारी, ओंडक्यांची रांग, बंद डबी, खाली घातलेल्या माना, सगळं माझ्यासमोर तसंच उभं राहिलं. मला वाटलं, संपलं.

"पाच रुपये," हाफिज म्हणाला.

आवाज घोगरा होता, जसं खूप दिवस न उघडलेलं दार. किल्ली बाकावरच होती. सगळे मागे वळून बघू लागले. सीताने माझा दांडा धरला आणि मला उचललं.

"पाच रुपये, एकवार."

गुलाब कात्रीत सापडला. बोली लावावी तर स्वतःचीच रिंग सगळ्यांसमोर मोडते. न लावावी तर बापाचा हातोडा फर्निचरवाल्याच्या पोराकडे जातो. त्याने किल्ली उचलली, परत ठेवली.

"पाच रुपये, दोनवार."

"हाफिज," गुलाब उठून उभा राहिला. "हातोडा पडला नाई अजून. पडेपर्यंत बोली मागं घेता येते. घे मागं. तुह्या बापाले इचार, अन् मंग बोल."

मागच्या भिंतीपाशी म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला आणि परत लावला.

"हे तुम्हांला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

गुलाब उभाच राहिला. उत्तर जरीनाने दिलं, मान न वळवता.

"मॅडमनं. कलम चौसष्ट."

कोणी तरी फस्सकन हसलं. मग आणखी एक. पण सीता हसली नाही, आणि तिने मागच्या भिंतीकडे पाहिलंही नाही. मी तिच्या हातात वर होतो. ती हाफिजकडे बघत होती.

"गुलाबचं म्हणणं कायद्याने बरोबर आहे," ती म्हणाली. "हातोडा पडलेला नाही. हाफिज, तुला बोली मागे घ्यायची असेल तर आत्ता घेता येईल. तुझ्यावर कोणाची सक्ती नाही, माझीही नाही. मला राग येणार नाही."

मित्रांनो, मी आयुष्यात अनेक हातांत वर गेलो आहे. प्रत्येक हाताला मला लवकर खाली आणायची घाई असे. ही बाई, जिची सगळी कमाई त्या एका ठोक्यावर होती, ती मला वर धरून त्या माणसाला सुटायची वाट दाखवत होती. माझा दांडा तिच्या घामाने ओला झाला. मी कोणाचं कौतुक करत नाही. तिचं करतो.

हाफिजने एकदा किल्लीकडे पाहिलं. मग त्याने किल्लीवरून नजर काढली.

"नाई घेत मागं, मॅडम."

"तीनवार," ती म्हणाली, आणि मला आपटलं.

शाईची दौत उडाली. इतका जोरात मी डेपोतही कधी पडलो नव्हतो. आणि माझा आवाज विरतो न विरतो तोच जरीना उठली.

"मॅडम, अन् धाक दाखवून बोली मागं घ्यायले लावली असती तर?"

"लावली असती तर काय, ते तुम्हीच सांगा."

"धाकानं घेतलेली संमती, संमती नसते," बँकेतला कारकून म्हणाला. "पण हा करार थोडीच हाये?" गिरणीवाला म्हणाला. त्यावर तिसरा बोलला. घंटा झाली तरी ते भांडतच होते. घड्याळवाले गृहस्थ घड्याळ विसरले आणि त्यांची गाडी चुकली. गुलाब किल्ली घेऊन मधूनच निघून गेला. फटफटी सुरू व्हायला त्या दिवशी बऱ्याच लाथा लागल्या.

सीताची जागा कायम झाली. प्राचार्य तिला म्हणाले, "मला खात्री होतीच." छत्री लगेच दुसऱ्या बाजूला झाली होती.

आणि मी? सीताने मला फडक्यासकट हाफिजच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी तो परत करायला आला, तर तिने घेतलं नाही. विक्री पूर्ण झाली होती. गफ्फारने कपाळावर हात मारला.

"मी एका रुपयात देल्ला, तू पाच रुपयात वापस आणला. हेच शिकवते काय व्यवस्थापनाच्या वर्गात?"

मग त्याला सगळं कळलं आणि तो खाली बसला. लच्छूसेठने त्याच आठवड्यात लाकूड बंद केलं. हे गोड करून सांगता येणार नाही. चारांतले दोन कारागीर काम नसल्याने सोडून गेले. त्यांतल्या एकाची बायको अंजनाबाई दुकानासमोर उभी राहून हाफिजला बोल बोल बोलली, आणि हाफिजने ते सगळं ऐकून घेतलं. गफ्फार पाडलेल्या घरांची जुनी दारं विकत घेऊन त्यांचे पाट आणि स्टूल करू लागला. मी त्यांच्या चुळा ठोकत राहिलो. घरात कित्येक महिने बाप-लेक कामापुरतंच बोलत.

पुढच्या उन्हाळ्यात हाफिज डेपोच्या लिलावाला गेला. मी सोबत नव्हतो. तिथे पितळी कड्याचा तो नखरेल हातोडा आहे. संध्याकाळी हाफिज परतला तेव्हा गफ्फार रंधा मारत होता.

"भेटलं काय?" त्याने वर न बघता विचारलं.

"नाई. सेठनं नेलं."

"मंग? काऊन गेला होता?"

"मी बोललो, तर त्याले बी बोला लागलं, अब्बा. डबी हातात धरून सोताच बोलत होता. मी वाढवत गेलो, तो वाढवत गेला. सरकारी किमतीच्या कितीतरी वर जाऊन घेतला त्यानं माल. अन् मग चामोर्शीचा एक सुतार बोलला, त्याले एक थप्पी भेटली."

गफ्फारचा रंधा थांबला. त्याने मला उचललं, उगाच एका स्टुलावर दोन ठोके मारले. स्टूल आधीच पक्कं होतं. मग त्याने हाफिजला चहा आणायला सांगितलं, दोन कप. त्या दिवसापासून ते पुन्हा बोलू लागले.

वर्षातून एकदा सीता दुकानात येते. आता तिचे काही केस पिकले आहेत. लिलावाचं कलम आलं की मला घेऊन जाते. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "उसना नेते आहे हाफिज. जपून आणीन."

"कलम, मॅडम?"

"एकशे एक्कावन्न. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवली, तर शहाणा माणूस स्वतःची जशी जपतो तशी जपायची."

ती मला अजून त्याच मऊ फडक्यात गुंडाळते. मी आता तक्रार करत नाही.

तर मित्रांनो, या ठिकाणी मी तुम्हांला म्हणायला हवं की जुन्या वस्तूंना तेल लावा, उन्हापासून वाचवा, अडगळीत टाकू नका. माझ्यापुरतं ते राहू द्या. मुखरूने मला तिवसाचा केला आहे, मला वाळवी सहजी लागत नाही. वाळवी लागते ती गप्प बसलेल्या जिभेला, आणि आतून पोखरून झाल्यावरच बाहेर कळतं. जीभही तुमच्याकडे ठेवलेलीच वस्तू आहे, जपा. तुमच्याही समोर कधी ना कधी कोणी तरी डबी ठेवील, किल्ली ठेवील. तेव्हा मी हवेत आहे तोवर बोला. पडल्यावर मी कोणाचंच ऐकत नाही.